सतरंजी धुणाऱ्या हातांची गोष्ट



लग्नसराई सरली की मंडपवाल्यांच्या सतरंज्यांचे गठ्ठे आमच्या गटाकडे धुवायला येतात. पंगतीतलं तेल, वरणाचे डाग आणि शेकडो पायांची काळी माती. ओली सतरंजी उचलायला चौघी लागतात. अशीच एक उचलताना आमच्यातली एक जण म्हणाली, "आपल्याआधी हे काम कोण करत असेल?" आज तेच सांगणार आहोत.

पूर्वी गावचं धुणं परटाकडे असे. बारा बलुतेदारांत परीट एक. सुगीला त्याला धान्य मिळे. परटीणही नवऱ्याबरोबर पाण्यात उभी राही, पण बलुतं परटाच्या नावाने. ज्यांनी खराटा हाती घेऊन गावं झाडली ते गाडगेबाबा १८७६ साली अशाच एका परीट घरात जन्मले. मळ काढणारा हात हलका नसतो, हे त्यांनी जन्मभर दाखवलं.

घरच्या गोधड्या मात्र बायकाच धूत. घटस्थापनेआधी सगळं अंथरूण-पांघरूण गिरणेवर, पांझरेवर, तापीवर जाई. साबण नव्हता तेव्हा राखेचं निवळलेलं पाणी, रिठे, हिंगणबेट हेच सामान. राखेतला खार तेलकटपणा सोडवतो, म्हणून सुती कापडाला तो चाले. लोकरीचा धागा मात्र खाराने खराब होतो, म्हणून घोंगडीला रिठेच बरे. हे आपल्या आज्यांना शाळेत न जाता ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती: आधी झोडपायचं, मग भिजवायचं. आपल्या खानदेशची काळी माती पाणी लागलं की फुगते आणि चिकट होते. न झटकता सतरंजी भिजवली तर धुळीचा चिखल होऊन धाग्यात बसतो. म्हणून आम्ही आजही सतरंजी उन्हात उलटी टाकून काठीने झोडपतो, झाडतो आणि मगच पाणी घालतो.

मग १९६९ साल आलं. त्या साली गिरणा धरण पूर्ण झालं. कालव्यांनी शेतं भिजली, पण नदीचं पाणी आता धरणातून सुटेल तेव्हाचं. त्याच साली अहमदाबादला करसनभाई पटेलांनी घरी धुण्याची पावडर बनवून सायकलवर विकायला सुरुवात केली. निरमा ती हीच. पुढे नळ आले, पावडर आली आणि धुणं घाटावरून अंगणात आलं. कष्ट थोडे कमी झाले, पण पाणी मोजून वापरायची वेळ आली. त्यात पावडर जास्त पडली आणि नीट खळबळली गेली नाही, तर सतरंजी चिकट राहते आणि पुढची धूळ लवकर धरते.

परटिणीची मजुरी वेगळी कुणी मोजली नाही. घरच्या गोधड्यांची तर मोजायचा प्रश्नच नव्हता. आम्हीही पहिल्या वर्षी नुसत्या पावडरीचा खर्च धरून दर सांगितला आणि हाती काही उरलं नाही. आता गटाच्या वहीत तीन रकाने आहेत: पाणी, पावडर आणि चौघींचे तास. मंडपवाल्याने दर जास्त म्हटला की आम्ही तिसरा रकाना त्याच्यापुढे ठेवतो.

तुमच्या गटाच्या वहीत हा रकाना आहे का? नसेल तर येत्या बैठकीत आखून घ्या.