फितीवरचा आवाज

दोन टेप-रेकॉर्डर शेजारीं शेजारीं मांडून एकच फीत आळीपाळीनें दोहोंवर वाजवावयाची आणि सरस कोण याचा निवाडा कानावर सोंपवावयाचा, हा छंद जुनीं रिळें जपणाऱ्या घरांतून अजून जिवंत आहे. वरवर पाहतां तो निरुपद्रवी दिसतो. पण गवयांच्या खासगी बैठकींच्या जुन्या फिती आज संगणकावर उतरवून घेतल्या जात आहेत, आणि त्या वेळीं जें यंत्र पसंत पडेल त्याचाच आवाज पुढच्या पिढीच्या कानीं पडणार आहे. मूळ फीत तोंवर टिकेलच असें नाहीं. तेव्हां आपला कान अशा वेळीं नेमकें काय तोलीत असतो, हें फितीच्या इतिहासांतून पाहण्यासारखें आहे.

डेन्मार्कच्या पाउलसेननें १८९८ सालीं पोलादी तारेवर आवाज धरून ठेवण्याची युक्ति काढली. १९२८ मध्यें ड्रेस्डेनच्या फ्रित्स फ्लॉयमरनें कागदी पट्टीवर लोहचूर्ण चिकटवून फीत केली. सिगारेटच्या टोंकाला सोनेरी मुलामा देण्याच्या उद्योगांतून ही कल्पना त्याला सुचली. १९३५ मध्यें बर्लिनच्या नभोवाणी-प्रदर्शनांत 'मॅग्नेटोफोन' यंत्र लोकांसमोर आलें, आणि १९ नोव्हेंबर १९३६ रोजीं लुडविग्सहाफेन येथें सर टॉमस बीचम यांच्या लंडनच्या वाद्यवृंदाचें वादन फितीवर उतरलें. त्या मुद्रणांत संगीतापाठीमागें सळसळ आहेच. ती हटली १९४० सालीं. मुद्रण करतांना ध्वनीच्या प्रवाहांत, कानाला ऐकूं न येणारा अतिशीघ्र कंपनांचा प्रवाह मिसळला असतां सळसळ एकदम उतरते, असें जर्मन नभोवाणीच्या व्हेबर व फॉन ब्राउनम्यूल यांना आढळलें. आणि तेंहि एका अॅम्प्लिफायरमध्यें शिरलेल्या दोषामुळें! शास्त्राच्या इतिहासांत असे उपकारक दोष थोडे नाहींत.

यानंतरची हकीकत मला सर्वांत मनोरंजक वाटते. अमेरिकन सैन्यांतील जॅक मलिन हा अभियंता १९४४ सालीं इंग्लंडांत असतां मध्यरात्र उलटल्यावर जर्मन केंद्रावरून वाद्यवृंद ऐके. तबकडी म्हणावी तर सुईची खरखर नाहीं. प्रत्यक्ष वादन म्हणावें तर अशा अवेळीं एवढे वादक बसणार कोठून? उत्तर त्याला १९४५ मध्यें बाड नाउहाइमच्या स्टुडिओंत मिळालें. पुढें तसलीं दोन यंत्रें सुटीं करून त्यानें मायदेशीं धाडलीं, १६ मे १९४६ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें अभियंत्यांना तीं ऐकविलीं, आणि त्याच धर्तीवर अॅम्पेक्स कंपनीचें पहिलें यंत्र १९४८ मध्यें बाहेर पडलें.

येथून मात्र दोन वाटा फुटल्या. फितीवर उंच कंपनांचे ध्वनि क्षीण होतात; म्हणून मुद्रण करतांना व वाजवितांना त्यांना ठराविक प्रमाणांत उठाव द्यावा लागतो. हें प्रमाण अमेरिकेनें एक ठरविलें, युरोपनें दुसरें. परिणाम असा कीं, सेकंदाला पंधरा इंच वेगानें युरोपीय ठरावाप्रमाणें भरलेली फीत अमेरिकन ठरावाच्या यंत्रावर अधिक उजळ वाजते, आणि साडेसात इंचांच्या वेगावर उलट मंद वाजते. उंच स्वरांतील हा फरक सुमारें ३ डेसिबेलचा, म्हणजे कानाला सहज कळणारा. ऐकणारा खुशाल यंत्राला प्रशस्तिपत्र देतो. त्यानें तोललेले असतात दोन खंडांचे ठराव. शिवाय दोहोंचा आवाज सारख्या मोठेपणाला आणल्यावांचून तुलना सुरूच करूं नये. मोठा तो गोड, ही कानाची जुनी खोड आहे.

हेडचें प्रकरण याहून नाजूक आहे. त्यांतील चीर फितीशीं काटकोनांत हवी. सेकंदाला १०,००० कंपनें असलेल्या ध्वनीची एक लहर पंधरा इंचांच्या वेगावर फितीची ०.०३८ मि. मी. जागा व्यापते, पावणेचार इंचांवर, म्हणजे फीत पुरवावी म्हणून घरीं पुष्कळदां वापरीत त्या वेगावर, ०.०१ मि. मी.हूनहि कमी. एवढ्या बारीक लिपीवर चीर किंचित् कलली तरी स, श यांसारखीं व्यंजनें पुसट होतात. मौज अशी कीं, मुद्रण करणारें हेडच कललेलें असेल, तर वाजविणारें हेडहि तितकेंच कलवावें लागतें. तेथें बिनचूक यंत्र हरतें.

सर्वांत घातक घोटाळा वेगाचा. अमेरिकेंतील विजेचीं आवर्तनें सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. ज्या यंत्राची मोटर या आवर्तनांच्या तालावर फिरते, तें तिकडून आणून ट्रान्सफॉर्मरवर लाविलें, तरी ट्रान्सफॉर्मर केवळ दाब बदलतो, आवर्तनें बदलीत नाहीं. गाणें सहास पांच या प्रमाणांत खालीं येतें, आणि पांढरी तीनमध्यें गाणाऱ्याचा षड्ज काळी एकवर उतरतो. काळी एक ही पुरुषगायकांची नेहमींची पट्टी. त्यांतून आवाज भारदस्त होतो, विलंबित लय अधिकच पल्लेदार वाटते, आणि ऐकणाऱ्याला शंकाहि येत नाहीं.

याला साक्षीदार पुष्कळदां फितीवरच असतो. मुद्रण करतांना विजेची घूं घूं नकळत तीवर उतरलेली असते. वाजविणाऱ्या यंत्राची स्वतःची घूं घूं फीत थांबविली तरी राहते, ती वजा धरावी. उरलेली, आपल्याकडे भरलेल्या फितीवर, सेकंदाला ५० कंपनांची असावयास हवी. ती ४२च्या आसपास आढळली, तर बुवा काळी एकमध्यें गायिलेले नाहींत.