शेतजमिनीवरील कृषी संशोधन केंद्र : नियोजन परवानगी (इंग्लंड)

इंग्लंडमध्ये शेतजमिनीवर संशोधन केंद्र उभारण्यापूर्वी स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडून घ्यावी लागणारी परवानगी. १९९० च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानुसार जमिनीचा शेतीसाठी वापर मुळात ‘विकास’ ठरत नाही. त्यामुळे प्रायोगिक पिकांच्या वाफ्यांना सहसा परवानगी लागत नाही. प्रयोगशाळेचे तसे नाही. शेतीच्या इमारतींना मिळणारी सवलत त्याच शेताच्या कामासाठी वाजवी गरजेच्या बांधकामापुरती आहे, आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष बहुधा इतरांच्या शेतांसाठी असतात.

संशोधन शेतीसाठीच चालते, मग हा अडसर कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. हार्टफर्डशरमधील रॉथॅमस्टेड येथे ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. तो औद्योगिक वसाहतीत हलवता येणार नाही, कारण तिथली मातीच प्रयोगाचा विषय आहे. मात्र या उदाहरणाने सिद्ध होते ती शेताची गरज, शेजारच्या प्रत्येक इमारतीची नव्हे. शिवाय परवानगी सामान्यतः अर्जदाराला नव्हे, जमिनीला मिळते. २०२० पासून संशोधन व कार्यालये एकाच ‘ई’ वापरवर्गात आहेत; अट घातली नसेल, तर आजची प्रयोगशाळा नव्या परवानगीविना उद्या साधे कार्यालय होऊ शकते. म्हणून सरसकट नकारापेक्षा वापर बांधून देणारी अट अधिक न्याय्य. जमिनीची प्रतही पाहिली जाते : श्रेणी १, २ व ३अ सर्वोत्तम मानल्या जातात, आणि अशा जमिनीवर वाहनतळ पसरवण्याआधी जुन्या गोठ्यांलगतची जागा का चालत नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायला हवे.