खसरा, नकाशा आणि क्रमांकाचा दुवा

तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची घडी बसली, तेव्हा नव्या सरकारपुढील जटिल प्रश्नांत जमिनीचा प्रश्न अग्रगण्य होता. कारण मालगुजाराकडून, म्हणजे गावच्या जमीनमालकाकडून, सारा घ्यावयाचा, तर शेत कोण कसतो आणि ते नेमके कोठे आहे, या दोन्ही गोष्टी निर्विवाद ठरणे अगत्याचे होते. बंदोबस्ताच्या अंमलदारांनी हे काम दोन स्वतंत्र दस्तऐवजांवर सोपविले. पटवाऱ्याच्या दप्तरातील खसऱ्यात कसणाराचे नाव, क्षेत्र आणि पीक असे. मौज्याच्या नकाशावर तेच शेत आपल्या आकृतीसह असे. आणि उभयतांस सांधणारा दुवा म्हणजे केवळ खसरा क्रमांक. नकाशा हाती घेऊन शिवारात हिंडणारा व प्रत्यक्ष बांधाशी खसरा ताडून पाहणारा पटवारी हा या व्यवस्थेचा प्राण होता, आणि त्याच्या परिश्रमांची थोरवी आपल्या इतिहासलेखनात फारशी गायिली गेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

गावचा नकाशा मात्र गावापुरताच खरा असे. पृथ्वीवरील स्थान निश्चित करणारे कार्य निराळे. ते त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने केले, आणि त्या सर्वेक्षणाचा धुरंधर विल्यम लॅम्टन नागपूरकडे येत असता १८२३ मध्ये हिंगणघाटला निवर्तला. नागपूरच्या झिरो माइलला लोक देशाचा मध्यबिंदू मानतात. परंतु तेथील १९०७ ची शिला ही मुळात त्याच सर्वेक्षणाची उंचीची प्रमाणखूण असून समुद्रसपाटीपासूनचे मोजमाप तिने या भूमीवर आणून ठेविले आहे.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, यथावकाश सातबाराही आला. तरी नागपूरच्या विक्रीपत्रांत खसरा क्रमांक आजही लिहिला जातो. दरम्यान १९७६ मध्ये येथे राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले, आणि मातीचे व उपग्रहाचे नकाशे महसुली दप्तराबाहेर, निरनिराळ्या कार्यालयांत साठू लागले. खसऱ्याशी जोडून पाहण्यासाठी त्यांची नक्कल आपल्या संगणकीय नोंदवहीत उतरून घ्यावी, तर मूळ नकाशा सुधारला की नक्कल शिळी होते. यावर उपाय म्हणून डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेच्या २००३ च्या मानकाने बाह्य माहितीच्या वाचनाची वाट आखून दिली, आणि २०११ पासून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'फॉरेन टेबल' आले: तक्ता आपल्याकडे, माहिती मूळ ठिकाणी. 'ओजीआर एफडीडब्ल्यू' या जोडणीमुळे बाहेरील नकाशाच्या आकृतीही अशा तक्त्यात वाचता येतात. हव्या त्या भूभागाची चौकट उगमाकडे धाडली, की तेवढाच भाग परत येतो. प्रत्येक प्रश्नाला उगमापर्यंत जावे लागत असल्याने उत्तरास विलंब होतो, परंतु ते ताजे असते, आणि जमिनीच्या व्यवहारात मी ताजेपणालाच श्रेष्ठ मानतो.

तथापि ही सारी यंत्रणा त्या जुन्या क्रमांकावरच विसंबून आहे. दप्तरात खसऱ्याचे पोटहिस्से पडले आणि नकाशावर मात्र शेत अखंडच राहिले, तर संगणकाला त्या हिश्शाची आकृती सापडावी कशी? म्हणून शासनाने पोटहिश्शांच्या मोजणीस प्रथम हात घालावा, आणि नागपुरात भूखंड घेणाराने विक्रीपत्रातील क्रमांक सातबाऱ्याशी आणि नकाशाशी, दोहोंशी, ताडून पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये.