'कॅमेरा' : एका शब्दाची घराणी



आज मी 'कॅमेरा' या शब्दाचा प्रवास सांगणार आहे, यंत्राचा नव्हे. ग्रीक भाषेत 'कामारा' म्हणजे कमानदार आच्छादन असलेली वस्तू. लॅटिनने तो शब्द 'कामेरा' म्हणून घेतला. प्रारंभी त्याचा अर्थ कमानीचे छत, उत्तरकाळी त्या छताखालची खोली. असे अर्थांतर आपल्याला परके नाही. 'त्यांची चूल वेगळी झाली' म्हणताना आपण चुलीविषयी बोलत नसतो.

त्या खोलीतून हा शब्द अनेक वाटांनी बाहेर पडला. फ्रेंचांकडे त्याचे 'शांब्र' झाले आणि इंग्रजीत 'चेंबर'. वकिलांचे चेंबर ते हेच. पोर्तुगीजांनी 'कामरा' हे रूप राखले. त्यांच्या अमलात, म्हणजे १९६१ पर्यंत, गोव्यातील नगरपालिकेचे नाव 'कामरा म्युनिसिपाल' असे होते. हिंदीतील 'कमरा' पोर्तुगीजांकडून आला, असे कोशकार मानतात. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत तो 'खोली'च्या शेजारी सुखाने नांदतो. पुण्याचे पाहुणे नाक मुरडतात, तेवढेच. एका खोलीत सोबत राहणारा तो स्पॅनिशमध्ये 'कामारादा'. त्याचाच 'कॉम्रेड' होऊन तो लाल बावट्याखाली आला.

यंत्राची कथा निराळी. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र पाडले, की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. केप्लरने १६०४ च्या ग्रंथात अशा खोलीला 'कामेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे काळोखी खोली, म्हटले. पुढे खोलीची पेटी झाली, १८३९ मध्ये दागेरची प्रक्रिया जाहीर झाली, विशेषण गळाले आणि नुसती 'खोली' उरली.

न्यायालयाने मात्र जुनाच अर्थ जपला. 'इन कॅमेरा' सुनावणी म्हणजे बंद दाराआडची. पीडितेला भर कोर्टात बोलावे लागू नये, म्हणून १९८३ च्या दुरुस्तीने बलात्काराचे खटले असे चालवण्याचे बंधन घातले. आमची वृत्तपत्रे मात्र 'इन कॅमेरा शवविच्छेदन' असेही छापतात, आणि तेथे त्यांना अभिप्रेत असते चित्रीकरण! एका पानावर दाराआड, दुसऱ्या पानावर कॅमेऱ्यासमोर. साक्षीला निघालेल्या एखाद्या मुलीने हे वाचले, तर आपली साक्ष चित्रित होणार या धास्तीने ती उंबऱ्यावरूनच परतेल. शब्दांचे अर्थ बदलतात, याबद्दल माझी एरवी तक्रार नसते. येथे मात्र मी संपादकांशी भांडेन. 'चित्रीकरणासह' आणि 'बंद दालनात' असे दोन साधे पर्याय हाताशी आहेत, आणि दुसऱ्यात तर मूळ लॅटिन अर्थही शाबूत राहतो.