अंधार, नॉइज आणि मोबाईलचा कॅमेरा

रात्री काढलेल्या फोटोत जो रंगीत भुसा पसरलेला दिसतो, त्याला आपण "कॅमेरा भंगार आहे" म्हणून मोकळे होतो. पण मंडळी, यात बिचाऱ्या कॅमेऱ्याचा दोष अर्धाच. उरलेला अर्धा चक्क प्रकाशाचा! आणि हा भुसा झाडायला गेली पन्नासेक वर्षं जे उपद्व्याप चाललेत, तो इतिहास मला मेगापिक्सेलच्या शर्यतीपेक्षा कितीतरी रंजक वाटतो.

आधी थोडं गणित. (घाबरू नका, एकच वर्गमूळ आहे.) प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो आणि तो पावसासारखा येतो. म्हणजे सरासरी ठरलेली, पण प्रत्येक थेंब आपल्या मर्जीचा. गच्चीवर सारख्या आकाराच्या बादल्या ओळीने मांडा. रिमझिम पावसात दोन सेकंदांत एकीत ७ थेंब पडतील, शेजारचीत ११. तासभर कोसळला तर मात्र सगळ्या बादल्या जवळपास सारख्या भरतील. नियम असा की सरासरी जितके फोटॉन, त्याच्या वर्गमुळाइतका चढउतार. १०० फोटॉन आले तर १० चा फरक, म्हणजे १० टक्के. १०,००० आले तर १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. थोडक्यात काय, तर सेन्सर अगदी निर्दोष बनवला तरी अंधारात एकरंगी भिंत ठिपक्याठिपक्यांची दिसणारच. त्यात फोनच्या पिक्सेलची रुंदी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे बादली कसली, चमचाच!

आता कॅमेऱ्याचा अर्धा दोष. जमलेले इलेक्ट्रॉन मोजताना सर्किट स्वतःची खरखर त्यात मिसळतं. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधला (नोबेल मिळालं थेट २००९ मध्ये). पुढे १९७० च्या दशकात वेस्टिंगहाउसमधल्या मार्विन व्हाइटने एक साधीच पण भन्नाट युक्ती काढली. प्रत्येक पिक्सेल दोनदा वाचायचा, एकदा रिकामा आणि एकदा भरलेला, आणि वजाबाकी करायची. वाण्याने आधी रिकामा डबा तोलावा तसं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या जेपीएलमध्ये एरिक फॉसम याला अंतराळयानांचे कॅमेरे लहान करायचे होते, त्यातून आजचा सीमॉस सेन्सर उभा राहिला. यानासाठी केलेली चीज आपल्या खिशात येऊन बसली ती अशी.

जपानमध्ये नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या शार्पच्या जे-एसएच०४ या फोनचा कॅमेरा होता १.१ लाख पिक्सेलचा. मग २००२ मध्ये नोकिया ७६५०, व्हीजीए. त्या काळातल्या फोटोंबद्दल काही न बोललेलं बरं.

सेन्सर सुधारेपर्यंत सॉफ्टवेअरवाल्यांनी आपला नेहमीचा उद्योग सुरू केला :) शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घ्या, ठिपके जातील. जातात खरे, पण कडाही पुसट होतात. मग १९९८ मध्ये तोमासी आणि मांदुची यांचा बायलॅटरल फिल्टर आला. तो फक्त आपल्यासारख्या दिसणाऱ्या शेजाऱ्यांचीच सरासरी घेतो, त्यामुळे कडा वाचतात. २००५ मध्ये बुआदेस, कोल आणि मोरेल यांनी म्हटलं की शेजारीच कशाला, फोटोत दूरवर कुठेही तशीच चौकट सापडली तरी ती वापरा. २००७ मध्ये फिनलंडच्या टांपेरे विद्यापीठातून आलेलं बीएम३डी हे या घराण्यातलं सगळ्यात नावाजलेलं अल्गोरिदम.

पण या सगळ्यांची अडचण एकच. एका फोटोत जी माहिती आलीच नाही, ती आणणार कुठून? पैठणीच्या पदरावरची बारीक वेलबुट्टी आणि नॉइज, दोन्ही एकाच मापाचे ठिपके. अल्गोरिदमला काय कळतंय! तो दोन्हीवर इस्त्री फिरवतो. फोनवरचे रात्रीचे चेहरे तैलचित्रासारखे किंवा मेणाचे दिसायचे ते यामुळे.

इथून पुढे दोन पंथ झाले. पहिला पंथ म्हणाला, बादली मोठी करा. २०१० मध्ये आयफोन ४ मध्ये सेन्सर उलटा करून बसवलेला होता, म्हणजे प्रकाशाच्या वाटेतल्या तारा मागे गेल्या. २०१३ मध्ये एचटीसी वनने सरळ ४ मेगापिक्सेलच दिले, पण प्रत्येक पिक्सेल २ मायक्रॉनचा. अभियांत्रिकी दृष्टीने प्रामाणिक निर्णय. दुकानात मात्र "शेजारच्यात तेरा आहेत, यात चारच?" या प्रश्नापुढे प्रामाणिकपणा किती टिकणार? दोन वर्षांत एचटीसीनेही मागचा कॅमेरा २० मेगापिक्सेलचा केला.

या पंथाचा खरा महापुरुष म्हणजे नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू. २०१२, तब्बल ४१ मेगापिक्सेल, आणि सेन्सर १/१.२ इंची, त्या काळच्या बऱ्याच खिशातल्या कॅमेऱ्यांपेक्षा मोठा. पण एरवी तो फोटो द्यायचा ५ मेगापिक्सेलचा! सुमारे सात पिक्सेलांचा मिळून एक. सात मोजण्या एकत्र केल्या की नॉइज सातच्या वर्गमुळाने, म्हणजे अडीच पटीहून जास्त कमी. नुसती बेरीज, इस्त्री नाही. आणि एवढा कॅमेरा बसवला कुठे, तर सिंबियनवर, जे सोडून विंडोज फोनकडे जाणार असं नोकियाने वर्षभर आधीच जाहीर केलं होतं. कर्णाच्या रथाचं चाकच आठवतं. (त्याच वर्षी लुमिया ९२० च्या जाहिरातीतला व्हिडिओ फोनने काढलेलाच नव्हता हे उघडकीला आलं आणि नोकियाला माफी मागावी लागली, ते वेगळंच.)

दुसरा पंथ म्हणाला, चमचा राहू दे, पण तो पुन्हा पुन्हा धरा. यात नवीन काही नाही, हौशी खगोलनिरीक्षक कित्येक वर्षं फ्रेमवर फ्रेम रचत आलेत. १६ फ्रेमांची सरासरी, नॉइज एक चतुर्थांश. पण त्यांचा कॅमेरा स्टँडवर असतो, आपला हातात. स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्क लेव्हॉय यांनी हे हातातल्या फोनवर आणलं. २०११ मध्ये गूगल ग्लासच्या इवल्याशा कॅमेऱ्यासाठी सुरू झालेलं काम २०१३ मध्ये नेक्सस ५ मध्ये एचडीआर प्लस म्हणून उतरलं. मुद्दाम कमी उजेडाच्या झटपट फ्रेमा काढायच्या, चौकट चौकट करून जुळवायच्या आणि मिसळायच्या. मधेच कोणी हललं तर तेवढी चौकट मिसळायची नाही. तिथे नॉइज राहतो, पण भूत दिसत नाही. हा "शंका आली तर हात लावू नको" बाणा मला फार आवडतो.

२०१८ हे वर्ष निर्णायक. मार्चमध्ये हुआवे पी२० प्रो आणि नोव्हेंबरमध्ये गूगलच्या पिक्सेल फोनांवर नाइट साइट. हातात धरला असेल तर एक पंधरांश सेकंदाच्या १५ फ्रेमांपर्यंत, टेकवून ठेवला तर एकेक सेकंदाच्या सहा. गंमत म्हणजे हाताच्या थरथरीने फ्रेमा किंचित सरकतात, तिचाच फायदा घेऊन पिक्सेल ३ ने जास्त तपशील मिळवला. आणि रात्र दिवसासारखी दिसू नये म्हणून सावल्या काळ्याच ठेवायच्या, हे लेव्हॉयच्या टीमने अठराव्या शतकातल्या जोसेफ राइट या चित्रकाराचा दाखला देऊन सांगितलं. २०१९ मध्ये आयफोन ११ मध्ये नाइट मोड आला आणि विषय घरोघरी पोचला.

इथपर्यंत सगळं बेरजेचं होतं. त्यानंतर मात्र न्यूरल नेटवर्क आली, आणि माझ्या पोटात थोडा गोळा येतो तो इथे. माझ्याकडे २००९ च्या गणपतीतला आजीचा एक फोटो आहे. काकाच्या २ मेगापिक्सेलच्या फोनवर, समईच्या उजेडात काढलेला. नुसता भुसा. आता आजी नाही, आणि त्या दिवसाचा दुसरा फोटोही नाही, म्हणून गेल्या वर्षी एका ॲपमधून तो साफ करून पाहिला. चेहरा लख्ख झाला. फक्त हनुवटीवरचं गोंदण गेलं, तीन हिरवट ठिपके. नॉइज समजून काढले असणार. आणि पडलेला पुढचा दात परत आला होता. आईने बघितलं आणि म्हणाली, "छान आहे रे, पण ह्या कोण?"

ॲपच्या बाजूने बोलायचं तर त्याने सांगितलेलं काम चोख केलं. हजारो चेहरे पाहून "इथे बहुधा दात असतो" हे ते शिकलं. पण बहुधा असतो आणि होता, यात आपल्या सगळ्या आठवणी येतात की हो! बीएम३डीने फार तर सुरकुत्या पुसल्या असत्या, नवा दात बसवला नसता. २०२३ च्या मार्चमध्ये हेच चंद्राच्या बाबतीत झालं. एकाने मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र मॉनिटरवर लावून सॅमसंगच्या फोनने टिपलं, तर फोनने चित्रात नसलेली विवरं काढून दिली. कंपनीने नंतर समजावून सांगितलं की फोन चंद्र ओळखतो आणि एआयने तपशील वाढवतो. चंद्राचं एक बरं आहे, खरा कसा दिसतो ते सगळ्या जगाला माहीत आहे, त्यामुळे पडताळता येतं.

लेव्हॉय २०२० मध्ये गूगल सोडून ॲडोबीत गेले. जून २०२५ मध्ये त्यांच्या टीमचं प्रोजेक्ट इंडिगो नावाचं कॅमेरा ॲप आयफोनसाठी आलं. ते एका फोटोसाठी ३२ पर्यंत फ्रेमा मिसळतं, म्हणजे बेरजेवर पूर्वीपेक्षा जास्तच भर. आणि इस्त्री कमी. थोडा नॉइज फोटोत राहिला तरी चालेल, पण पोत पुसायचा नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.