डिबेस, हिणकस आणि राजाचं तांबडं नाक

इंग्रजीत 'डिबेस' असं एक क्रियापद आहे. बातम्यांमध्ये तुम्ही ते ऐकलं असेल: अमक्या सरकारने चलन डिबेस केलं, तमक्या पुढाऱ्याने राजकारणाची भाषा डिबेस केली. शब्दकोशात अर्थ सापडतो 'दर्जा खालावणे'. पण मग 'डिग्रेड' आणि 'डिबेस' यांत फरक काय?

फरक कळायला सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाऊ या. राजा आठवा हेन्री. फ्रान्स आणि स्कॉटलंडशी युद्ध चालू, तिजोरीत खडखडाट. १५४४ पासून त्याच्या टांकसाळींनी नाण्यांतली चांदी कमी करून तांबं वाढवायला सुरुवात केली. पूर्वी हजार भागांत ९२५ भाग चांदी असायची. हेन्रीनंतर त्याच्या मुलाच्या राज्यातही हा उद्योग चालू राहिला आणि १५५१ पर्यंत काही नाण्यांत ती २५० भागांवर आली. नाण्याचं नाव तेच, छापही राजाचाच. पण नाणी हाताळून झिजली, की समोरून कोरलेल्या चेहऱ्याच्या नाकावरून चांदीचा मुलामा आधी उडायचा आणि खालचं तांबं दिसायचं. लोकांनी राजाचं नाव ठेवलं 'ओल्ड कॉपरनोज', म्हणजे म्हातारा तांबडनाक्या! महागाई भडकली, अँटवर्पच्या बाजारात पौंडाचा भाव घसरला. शेवटी १५६०-६१ मध्ये पहिल्या एलिझाबेथने ती नाणी परत घेऊन चांगली पाडून दिली.

'डिबेस' हा शब्द इंग्रजीत रुळला तो याच शतकाच्या उत्तरार्धात. 'बेस' म्हणजे खालचं, हलकं. धातू आणि माणूस, दोघांनाही तो लागू पडला. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द्वितीय' नाटकात राजा हेच क्रियापद समोर टेकवलेल्या गुडघ्याबद्दल वापरतो.

आता आपल्या मराठीत या. सोन्या-चांदीत मिसळलेल्या हलक्या धातूला आपण 'हीण' म्हणतो. असं हीण असलेलं ते 'हिणकस'. आणि माणसाला कमी लेखणं म्हणजे 'हिणवणं'. मुळाशी एकच शब्द, हीन. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता सोनाराची मूस आणि माणसाचा अपमान एकाच शब्दात बांधले.

आता फरकाकडे. प्लास्टिक उन्हात आपोआप 'डिग्रेड' होतं, पण 'डिबेस' आपोआप होत नाही. त्या क्रियापदाला कर्म लागतं, म्हणजे करणारा कुणीतरी असतोच. म्हणून हा शब्द दिसला की दोन प्रश्न विचारा: हे केलं कुणी? आणि वरचा छाप तसाच ठेवून आतलं काय काढून घेतलं?

यातला दुसरा प्रश्न तुमच्या-माझ्या घरातला आहे. परदेशात वाढलेल्या मुलांना 'तुमचं मराठी किती हिणकस झालंय' असं ऐकावं लागतं, कारण बोलताना 'फ्रिज', 'असाइनमेंट', 'वीकेंड' येतात. पण नाण्यांचा इतिहास इथे तुमच्या बाजूने साक्ष देतो. हेन्रीच्या आधीच्या उत्तम नाण्यातही हजारात ७५ भाग दुसरा धातू होताच, कारण शुद्ध चांदी मऊ असते, हातोहात फिरताना लवकर झिजते. ती मिसळ सगळ्यांना माहीत होती, ठरलेली होती. म्हणून तिला कुणी फसवणूक म्हटलं नाही.

म्हणजे मिसळ वेगळी आणि डिबेस करणं वेगळं. आजीशी बोलताना तुमच्या वाक्यात चार इंग्रजी शब्द आले आणि तिला तुमचं म्हणणं पोचलं, तर ते नाणं चाललं. खोट तिथे आहे जिथे भाषणात 'माय मराठी'चा छाप ठळक असतो आणि आत सांगण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. पुढच्या वेळी कुणी हिणवलं, तर शब्द मोजत बसू नका. नाक घासून बघा, खाली काय निघतंय ते.