माळवद, स्लॅब आणि सौरघर

मेळाव्यानिमित्त शाळेला काय द्यायचं यावर आपल्या बॅचमध्ये गेले काही महिने चर्चा चालू आहे. बहुतेकांचं मत सौर पॅनेलच्या बाजूने दिसतं. मलाही ही कल्पना आवडली आहे. मात्र निधी गोळा होण्याआधी सौरघरांचा थोडा इतिहास सगळ्यांसमोर ठेवावा असं वाटलं, म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय घेतला. इतिहास विद्यार्थ्यांनी बांधलेल्या घरांचा आहे. तो सांगता सांगता लातूर-नांदेडकडच्या आपल्या घरांपर्यंत यावंच लागतं.

२००२ साली मी नांदेडला, विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंद सिंगजी कॉलेजमधून इंजिनिअर होऊन बाहेर पडले. त्याच वर्षी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने वॉशिंग्टनमध्ये 'सोलर डेकॅथलॉन' नावाची स्पर्धा पहिल्यांदा भरवली. डेकॅथलॉन म्हणजे दहा खेळांची एकत्रित शर्यत. इथे खेळाडूंच्या जागी कॉलेजची मुलं होती आणि खेळ होता घर बांधण्याचा. विद्यार्थ्यांनी स्वतः आराखडा करायचा, खरं घर उभं करायचं आणि ते फक्त उन्हावर चालवून दाखवायचं. वास्तुरचना, अभियांत्रिकी, विजेचा जमाखर्च, घरातला आराम अशा दहा कसोट्यांवर गुण मिळायचे. कपडे धुणं, फ्रीज, स्वयंपाक, शेजारच्या संघांना घरी जेवायला बोलावणं हे सगळं त्या विजेवरच भागवायचं. घरात उपकरणं बसवून आतलं तापमानही सतत मोजलं जायचं.

२०१० साली ही स्पर्धा युरोपात, माद्रिदला पोचली. २०१४ साली ती फ्रान्समध्ये व्हर्सायला झाली आणि तिथे भारताचा संघ पहिल्यांदा उतरला. 'टीम शून्य' हे त्याचं नाव. मुंबईच्या आयआयटीचे आणि रचना संसदच्या वास्तुकला महाविद्यालयाचे विद्यार्थी त्यात होते. घराने जेवढी वीज वापरली तेवढी स्वतःच तयार केली, तर हिशेब शून्यावर येतो, म्हणून संघाचं नाव शून्य आणि घराचं नाव 'एच नॉट'. सुटे भाग इथे तयार करून समुद्रमार्गे पाठवायचे आणि तिकडे मोजक्या दिवसांत जोडायचे होते. त्या वर्षी पहिला क्रमांक रोमच्या विद्यार्थ्यांना मिळाला. 'टीम शून्य'चं काम मात्र तिथे थांबलं नाही. २०१८ साली चीनमधल्या देजौ इथल्या स्पर्धेत हा संघ नवं घर घेऊन पुन्हा उतरला.

व्हर्सायच्या स्पर्धेतला एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. पाच किलोवॅटपेक्षा जास्त पॅनेल लावायला तिथे परवानगी नव्हती. म्हणजे छत भरून पॅनेल टाकले आणि आत हवी तेवढी वीज उधळली, ही वाटच बंद. मग मुलांना उलट्या टोकाने विचार करावा लागतो. आधी घरात उष्णता शिरू द्यायची नाही, त्यासाठी छताला आणि भिंतींना उष्णतारोधक थर, खिडक्यांना सावली, वाऱ्याला आरपार वाट. मग पंखे, दिवे, यंत्रं कमी विजेवर चालणारी निवडायची. शेवटी जी गरज उरेल तेवढ्यापुरतेच पॅनेल. सौरघरात पॅनेल सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतात, पण हिशेबात त्यांचा नंबर शेवटचा असतो.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या आजोळी माळवदाची, म्हणजे धाब्याची घरं होती. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, छतात एखादा झरोका. घर किती मोठं ते खणांत मोजायचे. दुपारचं ऊन त्या भिंतीतून आत झिरपेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री तर सगळे माळवदावर झोपायला जायचे. मराठवाड्याची हवा कोरडी, दिवस तापलेला तरी रात्री गारवा, त्यामुळे ही रचना इथे चपखल बसायची. उष्णता आत येऊ द्यायची नाही, हा सौरघराचा पहिला धडा आपल्या गवंड्यांना ठाऊक होता.

पण त्याच भिंतींनी माणसं मारली. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. आपण आठवीत होतो. गणपती विसर्जन करून गावं नुकती झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. तज्ज्ञांनी नंतर पाहणी केली तेव्हा कारण स्पष्ट दिसलं. भिंतीचे दगड नुसत्या मातीत रचलेले होते. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू बांधून ठेवणारे लांब आडवे दगड नव्हते. हादऱ्याने भिंत दोन्हीकडे फुटली आणि छताची माती खाली आली.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, सिमेंट-काँक्रीट. दगडाची धास्ती इतकी बसली होती की कित्येकांनी दगडी घर सोडून पत्र्याच्या खोलीत राहणं पसंत केलं. लातूर-नांदेड शहरांतही नवं घर म्हणजे स्लॅबचंच, हे ठरून गेलं. त्यात गैर काही नव्हतं. ज्यांनी ढिगाऱ्यातून माणसं काढली त्यांना 'जुनं घर थंड होतं' असं सांगायला कोण जाणार? मात्र जिवाची खात्री मिळवताना गारवा हातचा गेला, आणि तो परत मिळवण्यासाठी आधी कूलर, मग एसी आले. भारनियमनाच्या वर्षांत तेही बंद पडायचे, तेव्हा स्लॅबखालची दुपार कशी असते ते आपण सगळ्यांनी भोगलं आहे.

स्लॅब इतका का तापतो? लातूर साधारण १८.४ अंश अक्षांशावर आहे, नांदेड १९ अंशांच्या किंचित वर. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन जवळपास लागतच नाही. सगळा मारा छतावर, आणि संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीवर. पाच-सहा इंचांचा उघडा स्लॅब ती उष्णता काही तासांत खाली सोडतो. म्हणजे शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या वर्गांत नेमकी दुपारच्या तासांना.

पुन्हा माती टाकून छत जड करा, असं मी कधीच म्हणणार नाही. किल्लारीने तो दरवाजा बंद केला आहे. पण सौरघरं बांधणाऱ्या मुलांनी दाखवून दिलं की हलकं घरही थंड राहू शकतं. घर समुद्रापार न्यायचं म्हणजे ते हलकंच हवं! सुरक्षितता की गारवा, अशी निवड आपल्या आईवडिलांना करावी लागली. आपल्याला करावी लागत नाही.

म्हणून निधीबाबत माझी सूचना अशी. पहिला खर्च छतावर सूर्यप्रकाश परतवणारा पांढरा थर किंवा पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करण्यावर व्हावा. पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे आणि त्या बाजूला कडुनिंब लावावेत. दुसरा खर्च पंख्यांवर. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. समजा शाळेत ४० पंखे दिवसाला सहा तास फिरतात. तर रोजचा वापर १८ युनिटवरून ७.२ युनिटवर येईल, म्हणजे १०.८ युनिट वाचतील. एक किलोवॅट पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतं. याचा अर्थ, नुसते पंखे बदलल्याने जवळजवळ पावणेतीन किलोवॅटच्या पॅनेलची गरजच संपते.

तिसरा खर्च पॅनेलवर. दक्षिणेकडे तोंड, साधारण अक्षांशाएवढा उतार आणि छतापासून थोडी उंची. खालून वारा खेळला तर छताला सावली मिळते आणि पॅनेलही कमी तापतं. हे महत्त्वाचं आहे, कारण पॅनेलची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते आणि पुढे दर अंशाला वीज सुमारे ०.४ टक्क्याने घटते. आपल्या उन्हाळ्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं तर १६ टक्के वीज तिथेच गेली.

आणखी एक गोष्ट, माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची. हे मोजमाप आठवी-नववीच्या मुलांनी करावं. वर्गात तापमापक लावावेत, रंग देण्याआधी आणि नंतर नोंदी घ्याव्यात, मीटरचे आकडे वहीत लिहावेत. नोंदींसाठी लागणारं सॉफ्टवेअर मी करून देईन. व्हर्सायला गेलेली मुलंही कुठल्या ना कुठल्या शाळेतूनच गेली होती. आपल्या देणगीतून शाळेला वीज मिळेल, ती हवीच. पण घर थंड का राहतं आणि उभं का राहतं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र शोधणारी मुलं लातूरमधून तयार झाली, तर १९९३ साली आठवीत असलेल्या बॅचकडून शाळेला याहून मोठं काय देता येईल?